आज चेंडू कोणाच्या हातात?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचं वेळापत्रक पाहताना क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. प्रत्येक सामन्यात दोन संघांच्या नावांखाली आणखी दोन नावं छापलेली असतात. आज पहिला चेंडू कोण टाकणार, त्यांची. तीही आदल्या दिवशीच, कधी दोन-तीन दिवस आधी. आपल्याकडे अकरा जणांची यादी नाणेफेकीपर्यंत गुलदस्त्यात राहते. इथे मात्र मुख्य हत्यार कोणतं हे समोरच्याला आधीच कळवून टाकायचं!

लपवण्यासारखं काही उरतच नाही, हे त्याचं कारण. संघाला हंगामात १६२ सामने खेळायचे असतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, जीव तोडून नव्वदेक चेंडू फेकतो आणि मग त्याच्या खांद्याला-कोपराला चार-पाच दिवस विश्रांती लागते. म्हणून पाच जणांची पाळी ठरलेली. मंगळवारी कोणी टाकलं हे माहीत असेल तर पुढच्या रविवारी-सोमवारी कोण येणार, हे पोरसुद्धा सांगेल. एका पिचरच्या वाट्याला वर्षाला तीस-बत्तीस सामने येतात. टोपी तीच, गणवेश तोच. पण पाळी बदलली की संघाची ताकद बदलते. त्यामुळे रोज सकाळी ‘आज याच्यासमोर तो’ अशी चर्चा रंगते. मी ही भाकितं चवीनं वाचतो. त्यांत कौशल्य आणि नशीब यांची फारकत करण्याची जी धडपड असते, ती मला सामन्याहूनही रंजक वाटते.

पूर्वी हे काम सोपं होतं. प्रत्येक पिचरच्या नावापुढे त्याचे विजय-पराभव लिहिलेले असत आणि ज्याचे विजय जास्त तो मोठा. नियम असा की सुरुवात करणारा निदान पाच डाव टिकला (सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात), तो बाहेर गेला तेव्हा संघ आघाडीवर होता आणि ती आघाडी शेवटपर्यंत राहिली, तर विजय त्याच्या नावावर. आता यात त्याच्या फलंदाजांनी किती धावा केल्या आणि मागून आलेल्या पिचरनी काय दिवे लावले, हे दोन्ही मिसळलं. १९९० मध्ये ओकलंडच्या बॉब वेल्चच्या नावावर २७ विजय होते. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी बॉस्टनचा रॉजर क्लेमन्स नऊ डावांमागे सरासरी १.९३ धावा देत होता आणि वेल्च २.९५. पण क्लेमन्सचे विजय २१. झालं, पुरस्कार गेला.

२०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमची नऊ डावांमागची सरासरी होती १.७०. विजय दहा, पराभव नऊ. या वेळी मात्र साय यंग त्यालाच मिळाला. मधल्या २८ वर्षांत मतदारांची नजर बदलली होती. डिग्रॉमकडे शेवटी परत येऊ.

धावांची ही सरासरी विजयांपेक्षा बरी, पण तीही निर्भेळ नाही. २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी संशोधकाने एक विचित्र गोष्ट मांडली. होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेले टोले, सोडून जे चेंडू बॅटला लागून मैदानात जातात, त्यांपैकी किती क्षेत्ररक्षकांच्या हाती लागतील आणि किती मधून निसटतील, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. लीगभर पाहिलं तर अशा दहा चेंडूंपैकी साधारण तीन निसटतात. एखाद्या पिचरचे यंदा अडीचच निसटले म्हणून तो पुढच्या वर्षीही तसंच करील, याची खात्री नाही. बहुधा तो पुन्हा तिनाच्या आसपास येतो. पुष्कळांनी तेव्हा ही कल्पना वेडगळ ठरवली. पुढच्या संशोधनाने तिला मुरड घातली, काही पिचरांचा थोडाफार ताबा असतो हे दाखवलं, पण गाभा टिकला.

मग पिचरच्या खास हातात काय उरतं? फलंदाजाला स्ट्राइकआउट करणं (तीन स्ट्राइक झाले की तो बाद), चार वाईट चेंडू टाकून त्याला फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, न पाठवणं आणि होमरन न खाणं. या तीन गोष्टींत क्षेत्ररक्षकाचा हात जवळजवळ लागतच नाही. टॉम टँगो या विश्लेषकाने त्यावरून एक साधं सूत्र बसवलं. होमरनला १३ ने गुणायचं, फुकट गेलेल्यांना ३ ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, डावांनी भागायचं आणि तीनच्या आसपासचा एक स्थिरांक मिळवायचा. आकडा नेहमीच्या सरासरीसारखाच वाचता येतो. आजचा जाणकार दोन पिचरांची तुलना करताना आधी दोन आकड्यांतली फट पाहतो. सरासरी २.८ आणि हा आकडा ४.१ असेल, तर तो मनाशी म्हणतो, या गड्याचे चेंडू आजवर क्षेत्ररक्षकांनी झेलले, उद्या निसटतील.

इथे एक व्यावहारिक प्रश्न येतो. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? विश्लेषक रसेल कार्लटन यांनी याचा हिशेब केला. स्ट्राइकआउटच्या प्रमाणात अर्धा भाग कौशल्याचा आणि अर्धा योगायोगाचा, असं म्हणायला सुमारे ७० फलंदाज पुरतात. म्हणजे तीन सामने. मैदानात गेलेले चेंडू किती निसटले, याबाबत तेच म्हणायला सुमारे २००० चेंडू लागतात. म्हणजे तीन-चार वर्षं! तेव्हा एप्रिलमध्ये कुणाची स्ट्राइकआउट वाढलेली दिसली तर कान टवकारावेत. ‘अमुक फलंदाज तमुक पिचरसमोर १४ पैकी ७ वेळा यशस्वी’ हे दूरदर्शनवरचं लाडकं वाक्य मात्र एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावं. चौदा वेळा नाणं उडवून सात छापे आले तर आपण नाण्याची कुंडली मांडत नाही.

पण आकडे आले कुठून? शेवटी फलंदाज चुकतो तो चेंडूमुळे. पिचरचा पाय आणि फलंदाजाची प्लेट (तो उभा राहतो तिथली जमिनीतली पाटी) यांत १८.४४ मीटर अंतर. लांब पाऊल टाकून हात पुढे येईपर्यंत त्यातले जवळजवळ दोन मीटर संपतात. ताशी १५३ किलोमीटरने निघालेला चेंडू ०.४ सेकंदात पोहोचतो. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू बघायचा, ओळखायचा आणि निर्णय घ्यायचा.

या ०.४ सेकंदात गुरुत्वाकर्षण चेंडूला सुमारे ८० सेंटिमीटर खाली ओढतं. वेगवान चेंडू टाकणारा मात्र बोटांनी त्याला उलटी फिरकी देतो, मिनिटाला सुमारे २३०० फेरे. प्लेटपर्यंत जाताना चेंडू स्वतःभोवती पंधरा वेळा फिरतो. फिरताना तो मागची हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर रेटते. हाच मॅग्नस परिणाम. टेबल टेनिसमध्ये तोच दिसतो, आपल्या फिरकीपटूच्या हवेत अचानक ‘ड्रॉप’ होणाऱ्या चेंडूतही तोच, फक्त दिशा उलटी. या रेट्यामुळे बेसबॉल अपेक्षेपेक्षा ४०-४५ सेंटिमीटर कमी पडतो. ‘चेंडू उसळला’ असं फलंदाज शपथेवर सांगतो. उसळलेला नसतो, कमी पडलेला असतो. पण डोळ्याने आयुष्यभर जो उतार पाठ केला, त्याच्या वरून गेला म्हणून तो उसळलाच.

त्याच हाताच्या हालचालीतून ताशी १५-१६ किलोमीटर कमी वेगाचा चेंडू सोडला तर तो ०.०५ सेकंद उशिरा येतो. एवढ्या वेळात वेगवान चेंडू दोन मीटर कापतो. फलंदाज बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू अजून वाटेतच. स्लायडर नावाचा चेंडू तर बराचसा बंदुकीच्या गोळीसारखा, प्रवासाच्या दिशेच्या अक्षाभोवती फिरतो. त्या फिरकीतून वर-खाली रेटा जवळजवळ मिळतच नाही, म्हणून वेगवान चेंडूच्या तुलनेत तो अचानक बुडाल्यासारखा वाटतो. शिवाय १०८ टाक्यांची उंचावलेली शिवण हवेची वाट वाकडी करते, ते वेगळंच. युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बार्टन स्मिथ यांनी हा शिवणीचा खेळ प्रयोगशाळेत उलगडला. आपल्याकडच्या स्विंग गोलंदाजांना शिवणीचं महत्त्व सांगायला नको.

२०१५ पासून लीगच्या तीसही मैदानांवर प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोजलं जातं. २०२० पासून हे काम हॉक-आयचे कॅमेरे करतात. होय, पायचीतच्या निर्णयात आपल्याला शिव्या घालायला लावणारं तेच हॉक-आय. म्हणून आता सामन्याआधी पहिली नजर जाते ती वेगाकडे. गेल्या तीन सामन्यांत पिचरचा वेग ताशी दोन-अडीच किलोमीटर घसरला असेल, तर निकाल कितीही चांगले असोत, जाणकाराच्या मनात पाल चुकचुकते. कोपराच्या आतला अस्थिबंध ताणला गेला असेल का? १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. त्या शस्त्रक्रियेला आज त्या पिचरचंच नाव आहे आणि ती झालेल्यांची यादी फार लांब आहे. डिग्रॉम त्या टेबलावर दोनदा गेला.

हवेवर एवढं अवलंबून असेल तर हवा पातळ झाली की काय होईल? डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचावर आहे, महाबळेश्वरपेक्षा दोनशेहून अधिक मीटर वर. हवेची घनता जवळजवळ १८ टक्के कमी, म्हणून मॅग्नसचा रेटाही तेवढाच कमी. ४५ सेंटिमीटरचा ‘उसळता’ चेंडू ३७ वर येतो. आठ सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण बॅटचा जाडातला जाड भाग नियमाने ६.६ सेंटिमीटरच असतो. किनाऱ्यावरच्या शहरात जो चेंडू बॅटच्या वरून निसटला असता, तो इथे तिच्या मध्यावर येऊन बसतो. त्यातून पातळ हवेत टोलाही लांब जातो. २००२ पासून तिथे चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात, कारण कोरडा चेंडू बॅटवरून जास्त जोरात उडतो. त्याने होमरन आटोक्यात आले, पण हरवलेलं वळण काही परत आलं नाही. डेन्व्हरला जाणाऱ्या पिचरचे आकडे घरच्या मैदानावरून आले असतील, तर ते तसेच्या तसे वापरणं म्हणजे पुण्याच्या चपला घालून हरिश्चंद्रगड चढणं.

समोरची बाजूही पाहायची. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा स्लायडर उजव्या फलंदाजापासून दूर जातो आणि डावखुऱ्याच्या अंगाकडे येतो. शिवाय डावखुऱ्याला तो हातातून सुटतानाच नीट दिसतो. म्हणून उजवा पिचर जाहीर झाला की समोरचा व्यवस्थापक डावखुऱ्यांची भरती करतो. या खेळाला पॅट वेंडिट पुरून उरला होता, तो दोन्ही हातांनी टाकायचा. २००८ मध्ये एका छोट्या लीगमध्ये त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला आणि ‘आधी तू ठरव’ यात दोघे जागेवरच बाजू बदलत बसले. शेवटी नियम करावा लागला की पिचरने हात आधी सांगायचा.

आणखी एक गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार गाजली. तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचर पहिल्या वेळेपेक्षा महाग पडतो. थकवा हे एक कारण, पण चेंडूची ओळख होणं हे मोठं. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. टँपा बेचा ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सला खेळूच देत नव्हता. ७३ चेंडू, नऊ स्ट्राइकआउट, दोन फटके, संघ १-० ने पुढे. डॉजर्सच्या पहिल्या तिघांना त्याने दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. सहाव्या डावात एक फलंदाज बेसवर पोहोचला आणि ते तिघे तिसऱ्यांदा येणार, एवढ्यात व्यवस्थापक केविन कॅश यांनी स्नेलला बाहेर काढलं. पुढच्याच फलंदाजाने, मूकी बेट्सने, नव्या पिचरला, निक अँडरसनला, दोन बेसचा फटका मारला. दोन धावा गेल्या, मग सामना ३-१ ने गेला आणि किताबही.

कॅश यांना त्यानंतर जेवढं बोललं गेलं तेवढं क्वचितच कोणाला बोललं गेलं असेल. माझं मत विचाराल तर तिसऱ्या फेरीचा नियम खरा आहे, पण तो सरासरी पिचरचा. त्या रात्रीचा स्नेल सरासरी नव्हता. शिवाय नियम फक्त स्नेलला लावून चालत नाही, त्याच्या जागी येणाऱ्यालाही तोलावं लागतं, आणि निक अँडरसन त्या पंधरवड्यात धावा देतच आला होता.

आता सगळं गोळा करून एक हिशेब मांडू. समजा, आजचा एक पिचर समोरच्यापेक्षा नऊ डावांमागे एक धाव कमी देतो, सगळी गाळणी लावून. तो टाकणार सहा डाव, म्हणजे फायदा ०.६७ धावेचा. बेसबॉलमध्ये साधारण दहा धावांनी एक विजय वाढतो, हा जुना ठोकताळा. म्हणजे एवढ्या मोठ्या फरकाने जिंकण्याची शक्यता वाढते ती सहा-सात टक्क्यांनी. घरच्या मैदानाचे तीन-चार टक्के घाला. बरोबरीच्या दोन संघांत ५० चे ६० झाले. एवढं वेग, फिरकी, उंची, डावं-उजवं करून हाती आले दहा टक्के!

डिग्रॉमचं २०१८ चं वर्ष याच तराजूत टाकू. नशीब वजा करणाऱ्या त्या सूत्राने त्याचा आकडा दोनच्या आत येतो, लीगचा चारच्या जरा वर. तो सरासरी पावणेसात डाव टाकत होता. फायदा दीड धावेहून थोडा जास्त, म्हणजे १६ टक्के. मेट्स तसा मध्यमच संघ होता, वर्षअखेर ७७ विजय आणि ८५ पराभव. तेव्हा डिग्रॉमच्या दिवशी त्यांची शक्यता ६५ टक्के धरू. त्याने ३२ सामने सुरू केले. त्यांपैकी एकवीसच्या आसपास जिंकायला हवे होते. मेट्सने जिंकले १४ आणि हरले १८.