सॉक्स-९ : कूर्चापेशीचा सूत्रधार

कॅम्पोमेलिक डिस्प्लेसिया या दुर्मीळ जन्मजात विकारात बाळाच्या मांडीची आणि नडगीची हाडे वाकलेली असतात, छातीचा पिंजरा लहान राहतो आणि श्वासनलिकेची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) कमकुवत असल्यामुळे अनेक बाळे जन्मानंतर थोड्याच काळात दगावतात. एक्स आणि वाय अशी गुणसूत्रे असलेल्या बहुतेक रुग्ण बाळांची बाह्य जननेंद्रिये मुलीसारखी किंवा संदिग्ध असतात, हे या विकाराचे आणखी एक चमत्कारिक लक्षण. हाडांचा आणि लिंगनिश्चितीचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले : दोन्ही लक्षणांच्या मुळाशी सतराव्या गुणसूत्रावरील सॉक्स-९ हे एकच जनुक होते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तरी हा विकार होतो.

गर्भात हातापायांची हाडे, मणके आणि बरगड्या सुरुवातीला हाडाच्या नसतातच. आधी त्यांचे कूर्चेचे साचे तयार होतात आणि हाड नंतर येते. (कवटीचा वरचा भाग याला अपवाद आहे.) साचा घडवणाऱ्या पेशीत टाइप-२ कोलॅजेन आणि अॅग्रीकॅन ही प्रथिने मोठ्या प्रमाणावर बनावी लागतात. त्यांची जनुके यकृताच्या किंवा त्वचेच्या पेशीतही असतात, पण तिथे ती गप्प राहतात. कोणते जनुक कुठे आणि किती बोलेल हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर या प्रथिनांचा. ही प्रथिने डीएनएच्या विशिष्ट क्रमाला चिकटतात आणि जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या यंत्रणेला तिथे बोलावतात किंवा तिथून दूर ठेवतात.

सॉक्स-९ जनुकापासून बनणारे प्रथिन याच प्रकारचे. ते डीएनएच्या अरुंद खाचेत शिरून त्याला वाकवते. टाइप-२ कोलॅजेनच्या जनुकात, प्रत्यक्ष प्रथिनात न उतरणाऱ्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, त्याची बसण्याची जागा आहे. मग हेच प्रथिन वृषणाच्या पेशींत असताना तिथे कूर्चा का तयार होत नाही? मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो याच्या उत्तराचा. कूर्चेच्या जनुकांवर सॉक्स-९ चे दोन रेणू जोडीने बसतात, तर वृषणाच्या घडणीतील महत्त्वाच्या जागांवर ते एकेकटे, दुसऱ्याच प्रथिनांच्या सोबतीने काम करते. जोडी जमण्याची क्षमताच नष्ट करणारे काही बदल माणसांत सापडले आहेत. त्यांत सांगाड्याची घडण बिघडते, पण मुलग्यांची लैंगिक वाढ सुरळीत होते.

१९९९ मध्ये झालेल्या एका प्रयोगात सॉक्स-९ च्या दोन्ही प्रती नसलेल्या पेशी उंदराच्या सर्वसाधारण भ्रूणात मिसळण्यात आल्या. इतरत्र त्या नांदल्या, पण जिथे जिथे कूर्चा घडत होती तिथे त्यांना स्थान मिळाले नाही. सॉक्स-५ आणि सॉक्स-६ ही भावंडेही सॉक्स-९ मुळेच कामाला लागतात. त्यांच्याकडे जनुक चालू करण्याचा स्वतःचा भाग नाही. तरी ती दोन्ही नसलेल्या उंदरांत कूर्चेची वाढ इतकी खुंटते की पिल्ले गर्भातच मरतात.

कूर्चापेशीला मात्र कायम कूर्चापेशी राहायचे नसते. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्टीत ती विभागते, मग विभाजन थांबवून कित्येक पट फुगते. या टप्प्यावर सॉक्स-९ ओसरते आणि रन्क्स-२ व मेफ-२सी ही प्रथिने सूत्रे हाती घेऊन टाइप-१० कोलॅजेनचे जनुक चालू करतात. मग आजूबाजूचा भाग कॅल्शियमने कडक होतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड येते. हा बदल फार लवकर होऊ नये म्हणून एचडॅक-४ हे प्रथिन या दोघांना आवरून धरते. ते नसलेल्या उंदरांत अवेळी हाड बनते. उलट, १९९७ मध्ये रन्क्स-२ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला आणि ती पिल्ले जन्मताच मेली.

सॉक्स-९ ला कोण चालू करते हे पाहायला गेले की गुंता वाढतो. त्याच्या शेजारी डीएनएचा एक लांबलचक, प्रथिनांची जनुके नसलेला पट्टा आहे आणि वेगवेगळ्या अवयवांत ते चालू करणारे नियंत्रक तुकडे त्यात विखुरलेले आहेत. पिएर रॉबिन विकारात बाळाचा खालचा जबडा लहान असतो, जीभ मागे सरकते आणि बहुधा टाळूही दुभंगलेली असते. अशा काही कुटुंबांत डीएनए तुटल्याची जागा सॉक्स-९ पासून दहा लाखांहून अधिक अक्षरे दूर असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. जनुक स्वतः अखंड होते. जबडा घडवणाऱ्या पेशींत ते चालू करणारे तुकडे तेवढे त्याच्यापासून तुटले होते. त्यामुळे अशा बाळाच्या सॉक्स-९ जनुकाचा क्रम तपासून तो निर्दोष निघाला, तरी दोष त्या दूरच्या पट्ट्यात असू शकतो.