तीनपैकी दोनच

१६ सप्टेंबर १९९२ रोजी सकाळी ब्रिटनचा व्याजदर १० टक्के होता. अकराच्या सुमारास तो १२ टक्क्यांवर नेला गेला. दुपारी घोषणा झाली, उद्यापासून १५ टक्के. संध्याकाळी सरकारने हात टेकले आणि पौंड युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे परस्पर दर ठरावीक पट्ट्यात बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडला. त्याच दिवशी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्याही चलनाचा बांधलेला दर वाचवायला बँकांना एका रात्रीसाठी कर्ज देण्याचा दर ५०० टक्क्यांवर नेला. वार्षिक हिशेबाने, पण पाचशे!

या धावपळीचं मूळ रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या विचारांत सापडतं. चलनाचा दर स्थिर हवा, भांडवलाला सीमा मोकळ्या हव्यात आणि व्याजदर आपल्या गरजेने ठरवता यावा, हे तिन्ही एकदम पदरात पडत नाही. व्याज घटवलं की पैसा जास्त व्याजाच्या देशाकडे वळतो. जाताना आपलं चलन विकूनच जातो, म्हणून त्याचा भाव पडतो. भाव सावरायचा तर मध्यवर्ती बँकेला परकीय चलनाची गंगाजळी ओतून स्वतःचंच चलन विकत घ्यावं लागतं, आणि गंगाजळीला तळ असतो.

त्या यंत्रणेत ब्रिटनने पौंड जर्मन मार्कशी बांधला होता. एकीकरणानंतर महागाई रोखायला जर्मनीने व्याज चढं ठेवलं. ब्रिटनमध्ये मात्र मंदी होती, तिथे स्वस्त कर्ज हवं होतं. शिवाय तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची, म्हणजे दर चढला की हप्ता चढणार. सरकार हा भार लोकांवर फार दिवस टाकू शकणार नाही, हे सट्टेबाजांनी नेमकं ओळखलं. म्हणून मला त्या दिवसातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: दर वाढला तशी पौंडाची विक्री थांबली नाही. ज्या उपायाने चलन सावरायचं, त्यातच सरकारची अगतिकता दिसली.

ब्रिटन आणि स्वीडन, दोन्ही देशांनी पुढे चलन तरतं सोडलं, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवला, आणि व्याजदर महागाई आवरण्यासाठी वापरायला घेतला. स्वीडनने १९९३च्या जानेवारीत २ टक्के महागाईचं लक्ष्य जाहीर केलं.

डेन्मार्कने उलट निवड केली. त्याचा क्रोन युरोशी बांधलेला आहे, त्यामुळे व्याजदर देशातल्या तेजीमंदीसाठी वापरता येत नाही, तो विनिमय दर राखण्यातच खर्ची पडतो. जानेवारी २०१५मध्ये स्वित्झर्लंडने आपला फ्रँक युरोच्या तुलनेत ठरावीक भावापेक्षा महाग होऊ न देण्याची मर्यादा अचानक उठवली, तेव्हा आता डेन्मार्कही बंध सोडेल या अंदाजाने क्रोनची खरेदी उसळली. इथे अडचण उलटी होती, क्रोन स्वस्त ठेवायचा होता. डेन्मार्कने काही आठवड्यांत दर उणे ०.७५ टक्क्यांवर आणला, म्हणजे मध्यवर्ती बँकेत पैसे ठेवणाऱ्या बँकांनाच व्याज मोजावं लागलं. बंध टिकला.