स्कूबाचं कार्ड आलं कुठून

स्कूबा डायव्हिंगचं कार्ड, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरायला शिकल्याचा दाखला, सरकार देत नाही. ते पॅडी, एसएसआय, नाउई अशा संस्था देतात. कार्ड दाखवल्याशिवाय डाइव्ह सेंटर भरलेला सिलिंडर हातात देत नाही, आणि कार्डाची खरी ताकद एवढीच. ही सगळी व्यवस्था वाढली ती उपकरण आधी बाजारात आलं आणि शिकवणारे मागून आले म्हणून.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती, मोटारी गॅसवर चालत, आणि त्यांना गॅस पुरवण्यासाठी गान्याँने एक झडप बनवली होती. त्याच कल्पनेवरून श्वास ओढला की सिलिंडरमधून तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर निघाला. युद्धानंतर हे यंत्र दुकानांत कुणालाही विकत मिळू लागलं. घेणारे बहुतेक पट्टीचे पोहणारे, आणि अडचण तिथेच होती. पोहणाऱ्याची सवय दम धरून ठेवायची. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा दम धरून वर आलं की दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिल्या तासाचा पहिला नियम म्हणूनच आहे.

अमेरिकेत पद्धतशीर शिकवणी सुरू झाली ती कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत, कॉनरॅड लिंबॉच्या हाताखाली, संशोधकांसाठी. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या क्रीडा विभागातला अल टिलमन आणि जीवरक्षक बेव्ह मॉर्गन तिथे जाऊन शिकले, आणि पुढच्या वर्षी काउंटीने सामान्य लोकांना शिकवणारे प्रशिक्षक तयार करायला घेतले. ब्रिटनमध्ये १९५३ पासून बीएसॅक हा क्लब होताच. मग १९५९ मध्ये सीमास ही आंतरराष्ट्रीय संघटना, १९६० मध्ये टिलमन आणि नील हेस यांची नाउई, १९६६ मध्ये पॅडी, १९७० मध्ये एसएसआय अशी रांग लागली.

सुरुवातीच्या वर्गांवर नौदलाच्या डायव्हरांची छाप होती. तलावाच्या तळाशी सगळं सामान काढून ठेवायचं, वर यायचं, पुन्हा बुडी मारून अंगावर चढवायचं. प्रशिक्षक मागून येऊन मास्क ओढायचा किंवा हवा बंद करायचा. आज हे क्रूर वाटतं, पण तेव्हाची उपकरणं पाहिली की कारण कळतं. हवा किती उरली हे दाखवणारा गेज सर्रास नव्हता. त्याऐवजी सिलिंडरला स्प्रिंगची राखीव झडप असे: दाब उतरला की श्वास जड व्हायचा, मग दांडी ओढून उरलेली हवा मोकळी करायची. दांडी खडकाला घासून आधीच ओढली गेली असेल, तर राखीव हवा न कळताच संपायची. मग जोडीदाराच्या एकाच रेग्युलेटरवर दोघांनी दोन-दोन श्वास आळीपाळीने घ्यायचे. घाबरलेला माणूस तो परत देत नसे. गेजमुळे ‘५० बारला वर’ (बार हे दाबाचं एकक), म्हणजे सिलिंडरमधला दाब तेवढा उरला की वर यायचं, हा हिशोब आला आणि दुसऱ्या, बहुधा पिवळ्या, रेग्युलेटरमुळे म्हणजे ऑक्टोपसमुळे आळीपाळी संपली. जोडीदाराच्या ऑक्टोपसवरून श्वास घेण्याचा आजचा सराव त्याच जागी बसला आहे.

वर येण्याच्या वेगाचा किस्सा आणखी मजेशीर. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलात हलक्या सामानातल्या लढाऊ डायव्हरांना मिनिटाला १०० फूट हवे होते. पितळी शिरस्त्राण घालून उतरणाऱ्या जड सामानातल्या डायव्हरांना दोराने इतकं भराभर वर ओढणं शक्यच नव्हतं. तडजोड झाली ६० फुटांवर, म्हणजे सुमारे १८ मीटर. शरीरशास्त्रापेक्षा वाटाघाटीतून निघालेला हा आकडा कित्येक वर्षं पाठ करून घेतला गेला. १९९३ मध्ये नौदलाने तो ३० फुटांवर आणला. आता मिनिटाला ९ मीटर आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, असं शिकणं शहाणपणाचं.

खरा मोठा बदल कालावधीचा. आधी कोर्स कित्येक आठवड्यांचा असे. १९७० च्या दशकात तो तुकड्यांत विभागला गेला. ‘ओपन वॉटर’ म्हणजे पायाभूत तुकडा: थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि खुल्या पाण्यात चार डाइव्ह, ३ ते ४ दिवसांत. त्याआधी २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं आणि आरोग्याचा फॉर्म. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. ते लपवण्यात स्वतःचाच जीव धोक्यात. कार्ड मिळालं की १८ मीटरपर्यंत, तेही जोडीदारासोबत. बरेच जण इथेच थांबतात आणि सहा महिन्यांत मास्कमधलं पाणी काढायचं विसरतात. तसं झालं तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा छोटा वर्ग, करूनच उतरावं.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ८ मीटर खोल तलाव हे तिचं वैशिष्ट्य. मालवण किंवा गोव्यातल्या ग्रांदे बेटाजवळ पर्यटक जी हाताला धरून डाइव्ह करतात, ती निव्वळ चव, त्याने कार्ड मिळत नाही. कोकणात समुद्र साधारण ऑक्टोबर ते मे चालू असतो, पावसाळ्यात बंद. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळाहून परतीचं तिकीट काढताना मधला एक दिवस मोकळा ठेवावा.