चॅट्सवर्थ

इंग्लंडच्या डर्बीशर काउंटीत डर्वेंट नदीकाठी असलेला, डेव्हनशरच्या ड्यूकांच्या कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा आणि त्याची बाग. सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस ऑफ हार्डविक यांनी 1549 मध्ये ही जमीन 600 पौंडांना घेतली व 1552 पासून बांधकाम सुरू केले. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला इथे अनेकदा नजरकैदेत ठेवले होते. पहिल्या ड्यूकने 1687 ते 1707 या काळात वाडा जवळजवळ नव्याने उभारला.

इथल्या बागेत प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची रचना बरीचशी मोडली. पाण्याची हौस मात्र कोणी सोडली नाही. पहिल्या ड्यूकच्या काळात बागेत आखीव वाफे आणि कारंजी होती. ग्रीये या फ्रेंच जलअभियंत्याने टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्यांचा धबधबा बांधला. त्याच्या 24 पायऱ्या मुद्दाम एकसारख्या ठेवल्या नाहीत, त्यामुळे उतरणाऱ्या पाण्याचा नाद जागोजागी बदलतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर लॅन्सलॉट ऊर्फ ‘केपेबिलिटी’ ब्राउन याने आखीव बाग बरीचशी काढून तिथे हिरवळ आणली आणि नदीपलीकडचा परिसर नैसर्गिक वाटावा असा घडवला. हा धबधबा त्यातूनही वाचला, हे भाग्यच म्हणायचे.

चॅट्सवर्थचा खरा सुवर्णकाळ सुरू झाला तो 1826 मध्ये. सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन या बावीस वर्षांच्या तरुणाला मुख्य माळी नेमले. त्याच्या आठवणीनुसार तो पहाटे साडेचारला पोहोचला, कुंपणाची भिंत चढून आत आला, सारी बाग पाहिली आणि सहा वाजता माणसे कामाला लावली. पुढे 1836 ते 1840 दरम्यान त्याने सुमारे 84 मीटर लांबीचे काचगृह उभारले. ते उबदार ठेवणारे बॉयलर जमिनीखाली होते.

रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये भेटीला येणार, अशी अपेक्षा होती. त्यासाठी पॅक्स्टनने वरच्या माळावर आठ एकरांचा तलाव खोदून घेतला. रात्रीही मशालींच्या उजेडात काम चाले. तलावाचे पाणी नळातून खाली येते आणि केवळ उंचीच्या दाबाने, पंपाशिवाय, कारंजे उडते. त्याची धार सुमारे 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही, पण ‘एम्परर फाउंटन’ हे नाव राहिले.

ड्यूकला वनस्पतींचे वेड होते. जॉन गिब्सन या माळ्याला त्याने 1835 मध्ये भारतात पाठवले. खासी टेकड्यांतून गिब्सनने कितीतरी ऑर्किड आणले. पॅक्स्टनने इथे वाढवलेल्या बुटक्या केळीला मालकांचे आडनाव मिळाले. जळगावकडे पिकणाऱ्या बसराई आणि ग्रँड नैन या जाती याच कॅव्हेंडिश गटातल्या. दक्षिण अमेरिकेतले महाकमळ व्हिक्टोरिया इथे नोव्हेंबर 1849 मध्ये फुलले. त्याच्या पानाखालच्या शिरांची मजबूत जाळी पॅक्स्टनने बारकाईने न्याहाळली होती. 1851 च्या लंडन प्रदर्शनासाठी त्याने रचलेल्या क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या इमारतीच्या रचनेशी ती जोडली जाते.

पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी काचगृहातली झाडे मेली आणि 1920 मध्ये ते सुरुंगाने पाडले गेले. त्याच्या जागी 1962 मध्ये झुडपांचा भुलभुलैया लावला. दहावे ड्यूक 1950 मध्ये वारल्यावर 80 टक्के वारसाकर बसला. तो फेडताना घराण्याने हार्डविक हॉल हा आपला दुसरा वाडा सरकारला दिला. 1981 पासून चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट वाडा व बाग सांभाळतो.