वकीलपत्र कोण घेणार? मुंबईतल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

‘नागरी हक्कांचे वकील’ अशी पाटी शोधत फोर्टात फिरलात, तर काळा घोड्यापासून बोरा बाजारापर्यंत पायपीट होईल आणि पाटी मिळणार नाही. असे वकील मुंबईत आहेत, चांगले आहेत. पण बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरची पाटी बेताच्या आकाराची हवी आणि आपण अमुक प्रकारच्या केसेसमधले तज्ज्ञ आहोत, असं तिच्यावर लिहिता येत नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बार कौन्सिलने वकिलांची जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांनाही त्या जाहिराती उतरवायला सांगितलं. त्यामुळे पोलिसांनी मुलगा उचलला, पालिकेने झोपडी पाडली किंवा सभेला परवानगी नाकारली, की या शहरातला माणूस आधी युनियनचा कार्यकर्ता, शाखेतला ओळखीचा, एखाद्या संस्थेतल्या ताई किंवा चाळीतला कोर्टात कारकुनी केलेला काका गाठतो. तिथून पुढे वकील.

ही पद्धत आपोआप पडलेली नाही. सरकारच्या किंवा समाजाच्या विरोधात उभं राहणाऱ्याची केस कोण घेणार, हा प्रश्न मुंबईच्या कोर्टांत सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तर कायद्यापेक्षा बारच्या, म्हणजे वकीलवर्गाच्या, हवेवर जास्त अवलंबून राहिलं आहे.

1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. मुंबई उच्च न्यायालय 1862 पासून उभं होतं, नामवंत बॅरिस्टरांची इथे वाण नव्हती. तरी मुख्य बचावासाठी प्यू आणि गार्थ हे दोन बॅरिस्टर कलकत्त्याहून आणावे लागले आणि त्यांच्या खर्चासाठी बंगालमध्ये वर्गणी जमवली गेली. जामिनासाठी उभे राहिले ते मुंबईचे दिनशा दावर, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी, जुलै 1908 मध्ये, टिळक पुन्हा आरोपी म्हणून उभे राहिले तेव्हा हेच दावर न्यायासनावर होते. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना यांनी जामीन मागितला. दावरांनी तो नाकारला. मग टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं, रवानगी मंडालेला. गिरणगाव सहा दिवस बंद राहिला. वकील म्हणून ज्याने जामीन मिळवून दिला, त्यानेच न्यायाधीश म्हणून तो नाकारला, यावर त्या काळी काय काय बोललं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. टिळकांचे कोर्टातले शब्द आज उच्च न्यायालयाच्या सेंट्रल कोर्टाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. 1956 मध्ये त्या शिलालेखाचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी. हे नाव पुढे पुन्हा येईल.

गरिबाची अडचण आणखी निराळी होती. मुंबई आणि कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत मूळ शाखेवर, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, दुहेरी पद्धत होती. पक्षकाराने आधी सॉलिसिटर गाठायचा, कागदपत्रं तो करणार, आणि मग तो ‘ब्रीफ’ देईल तो बॅरिस्टर न्यायाधीशापुढे उभा राहणार. म्हणजे फी दोघांची. आणि बॅरिस्टरचं पोट सॉलिसिटरच्या मर्जीवर. 1923 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा ही मर्जी काय चीज आहे हे त्यांना पुरेपूर कळलं. अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देणारे सॉलिसिटर मिळेनात. अपील शाखा आणि मोफसलच्या, म्हणजे मुंबईबाहेरच्या कोर्टांतल्या, केसेसवर त्यांनी भिस्त ठेवली, जोडीला बाटलीबॉयच्या संस्थेत शिकवण्या घेतल्या. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत येणाऱ्या गोरगरिबांना सॉलिसिटर हा प्राणी परवडण्यातला नव्हताच. दुहेरी पद्धत कायद्याने संपायला 1977 उजाडलं. सवयीने ती अजून शिल्लक आहे. फोर्टातल्या जुन्या फर्म आजही सॉलिसिटरच म्हणवतात, आणि इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी त्यांची परीक्षा घेते.

आंबेडकरांच्या वकिलीतली दोन प्रकरणं इथे सांगण्यासारखी आहेत. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बचावाला आंबेडकर उभे राहिले. ही केस घेऊन नाव होण्यापेक्षा बदनामीच व्हायची. ते हरले, कर्व्यांना दंड झाला. दुसरं प्रकरण महाडच्या चवदार तळ्याचं. सत्याग्रह 1927 चा. डिसेंबरातला दुसरा सत्याग्रह तोंडावर असताना सवर्णांनी दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मिळवला. आंबेडकर तिथे वकील नव्हते, प्रतिवादी होते. उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी, अस्पृश्यांच्या बाजूने. खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे. तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला दहा वर्षं गेली. आजही कुणी विचारतं, ‘साहेब, किती दिवस लागतील?’ तेव्हा अनुभवी वकील खिडकीबाहेर बघतो, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

1936 मध्ये नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन मुंबईतच स्थापन झाली. अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर, कार्याध्यक्ष सरोजिनी नायडू. काँग्रेस सत्तेत आल्यावर ती मावळत गेली. आपलं सरकार आलं, आता कशाला, असा तो काळ होता.

कशाला, ते 1975 मध्ये कळलं. आणीबाणी लागून चार महिने होत होते. राज्यघटनेतल्या नागरी स्वातंत्र्यांवर बोलण्यासाठी मुंबईच्या वकिलांनी ऑक्टोबरात जिना हॉलमध्ये सभा ठरवली. निमंत्रितांची, बंद दाराआडची. वक्ते होते माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा, माजी न्यायमूर्ती एन. पी. नथवानी आणि तेच छागला, आता निवृत्त. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नथवानी उच्च न्यायालयात गेले, आणि आणीबाणी ऐन भरात असताना न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकावरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध मिनू मसानी याच न्यायालयात जिंकले. 1976 मध्ये राम जेठमलानींविरुद्ध अटक वॉरंट निघालं, तेव्हा नानी पालखीवालांच्या पुढाकाराने तीनशेच्या वर वकील त्यांच्यासाठी हजर झाले. 1897 मध्ये कलकत्त्याकडे डोळे लावून बसावं लागलं होतं, त्याच कोर्टात. मात्र तीनशे वकील मिळाले ते जेठमलानींना, जे तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. नाशिकच्या तुरुंगातल्या साध्या स्थानबद्धाच्या बायकोला एक मिळाला तरी खूप होतं.

आणीबाणीतूनच संस्था उभ्या राहिल्या. जयप्रकाशांच्या प्रेरणेने 1976 मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना निघाली, तिच्यातून पुढे 1980 मध्ये पीयूसीएल म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आकाराला आली. तिची धुरा वाहणारे व्ही. एम. तारकुंडे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. मुंबईत सीपीडीआर म्हणजे लोकशाही हक्क संरक्षण समिती निघाली. 1981 मध्ये इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी लॉयर्स कलेक्टिव्ह सुरू केली, 1989 मध्ये कॉलिन गोन्साल्विस प्रभृतींनी ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क. बायकांच्या हक्कांसाठी फ्लेविया अ‍ॅग्नेस यांची मजलिस आली. वकील शोधणाऱ्याला आता एक पत्ता मिळाला, आणि तो पत्ता संस्थेचा होता. माझ्या मते या शहरातला खरा बदल हाच. नवे कायदे वगैरे नंतर.

हा पत्ता लगेच कामाला आला. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर काढण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस, फुटपाथवासी आणि संघटना कोर्टात गेल्या. 10 जुलै 1985 रोजी यशवंत चंद्रचूडांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, असा निकाल दिला. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर पाडा, एवढंच पदरी पडलं. देशभरच्या वकिलांनी पुढे चाळीस वर्षं हा निकाल दाखले देत वापरला. ज्यांच्या नावाने तो लागला त्यांना त्याचा उपयोग किती झाला, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

त्याच सुमारास पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती भगवतींनी पत्रालाच याचिका मानून 1983 मध्ये निर्देश दिले: बायकांसाठी वेगळे लॉकअप, चौकशीला महिला पोलीस, अटक झाली की विधी साहाय्य समितीला खबर. मोफत वकील हा आरोपीचा हक्क आहे हे त्याआधी 1978 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात ठरलं होतं. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमल 9 नोव्हेंबर 1995 पासून. त्याच्या कलम 12 प्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, कामगार किंवा कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न विचारता वकील मिळतो. ही गोष्ट आजही निम्म्या मुंबईला ठाऊक नसते.

मग आला 26 नोव्हेंबर 2008. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव महानगर दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील बाईंच्या घरावर जमाव चालून गेला. शहर दुखावलेलं होतं, राग समजण्यासारखा होता. पण वकिलाशिवाय फाशी दिली असती तर तो निकाल एक दिवसही टिकला नसता, हे त्या जमावाला कोण सांगणार? त्याच खटल्यात फहीम अन्सारीचा बचाव करणारे शाहिद आझमी 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या आपल्या ऑफिसात गोळ्यांना बळी पडले. तीन महिन्यांनी अन्सारी त्या आरोपांतून निर्दोष सुटला. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलं की वकील संघटनांचे असे बहिष्काराचे ठराव रद्दबातल आहेत. आणि 29 ऑगस्ट 2012 च्या कसाबच्या निकालातच हेही लिहिलं गेलं की आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

आता फीचं. अमेरिकेत 1976 च्या एका कायद्याने नागरी हक्कांचा दावा जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी कोर्ट हरलेल्या पक्षाकडून वसूल करून देऊ शकतं, आणि भरपाईतला हिस्सा हीच फी असा करारही तिथे चालतो. म्हणून तिथे वकिली हा या क्षेत्रातला धंदा होऊ शकला. आपल्याकडे निकालावर बेतलेली फी नियमबाह्य आहे. दाव्याच्या रकमेतला निम्मा वाटा ठरवणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाचं प्रकरण 1954 मध्येच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि त्याच्यावर गैरवर्तनाचा ठपका बसला होता. त्यामुळे ‘जिंकलो तर द्या’ म्हणणारा वकील भेटला तर सावध व्हावं. गरिबाची केस इथे वकील एक तर फुकट लढतो, नाही तर कंपन्यांच्या केसेसवर घर चालवून.

किल्ला कोर्टात रिमांडच्या वेळी बघण्यासारखं असतं. आरोपीचा भाऊ धावत येतो, जिन्यातला काळा कोट त्याला गाठतो, आणि हवालदाराने धरलेल्या हातानेच आरोपी छापील वकीलपत्रावर सही करतो. वर कोर्ट फीचा स्टॅम्प, वेलफेअर फंडाचं तिकीट. खाली बारीक अक्षरांत वकिलाला तडजोड करण्याचा, केस मागे घेण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असतो. तो मजकूर वाचायला तिथे कुणाला सवड नसते. खरं तर घाई कमी करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागता येतो, विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. आणि घाईत केलेला वकील नंतर बदलताही येतो. जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची, तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागायची. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगून ठेवलं आहे.