बारावीचं फिजिक्स आणि बोर्डाच्या मार्कांचं वजन

अकरावी मॅट्रिक आणि मग कॉलेजात इंटर सायन्स ही जुनी वाट महाराष्ट्रात १९७०च्या दशकात बंद झाली. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली तुकडी १९७५ला बाहेर पडली आणि फिजिक्सची कळीची दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजकडे आली. इंजिनिअरिंग-मेडिकलचे प्रवेश तेव्हा बारावीच्या ग्रुपच्या (फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायॉलॉजी) मार्कांवर होत. एकेका मार्काला किंमत होती. डेरिव्हेशन आकृतीसकट पुन्हा पुन्हा लिहून काढायची आणि सराव परीक्षा देत राहायचं, या शिस्तीवर ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला.

१९९९पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, आली आणि प्रवेशाचं केंद्र बोर्डाच्या पेपरवरून बहुपर्यायी प्रश्नांकडे सरकलं.

खरा वादाचा निर्णय मात्र त्यानंतरचा आहे. २०१३मध्ये जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत बोर्डाच्या मार्कांना ४० टक्के वजन मिळालं. राज्याने २०१४ आणि २०१५ला इंजिनिअरिंगसाठी सीईटीऐवजी जेईई मेन घेतली आणि तिच्यासोबत बारावीचे मार्क निम्म्या वजनाने धरले. मुलांनी वर्गात बसावं, क्लासचा विळखा सैल व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. आक्षेपही खरे होते. वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका मापात आणायला पर्सेंटाइलचं (आपल्यामागे किती टक्के मुलं आहेत याचं) गणित लावलं, ते पालकांना कधीच नीट उमगलं नाही. प्रॅक्टिकलचे मार्क सगळीकडे सढळ हाताने मिळतात, मग त्यांवर प्रवेश कसा ठरवायचा, हाही सवाल होता. २०१६ला इंजिनिअरिंगसाठी सीईटी परतली आणि २०१७पासून जेईई मेननेही बोर्डाचं वजन काढून टाकलं.

हे घाईचं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. मापात खोट होती तर माप दुरुस्त करायचं होतं. प्रॅक्टिकलला १००पैकी ३० मार्क असतात. त्यातला मीटर ब्रिज, म्हणजे तारेच्या लांबीवरून रोध मोजायचा प्रयोग, घ्या. एक मीटर तारेवर जॉकी (टोकदार संपर्क) टेकवत न्यायची, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की लांबी टिपायची, मग रोध अदलाबदल करून तेच पुन्हा करायचं, म्हणजे टोकांमुळे येणारी चूक कमी होते. मोजमापात चूक कुठून शिरते हे इथे हाताला कळतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही, त्यात हे तपासायला जागाच नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नाव एका कॉलेजात आणि शिकवणी क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ सोय फोफावली. ती रोखायला २०१८मध्ये काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली. यंत्र बसवल्याने अंगठा उमटतो, प्रयोग होत नाही. २०१९-२०पासून अकरावीची आणि पुढच्या वर्षी बारावीची पुस्तकं बदलली, नेमकी तेव्हाच कोविडने प्रयोगशाळांना कुलूप लावलं आणि २०२१ची बारावीची परीक्षाच रद्द झाली. बारावीच्या प्रयोगांना जवळजवळ हात न लावता एक अख्खी तुकडी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पोहोचली.

आज राज्यात इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी खुल्या गटाला ग्रुपमध्ये ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. त्यापुढचा बोर्डाचा मार्क सीईटीच्या प्रवेशात, बरोबरी फोडण्यापुरता सोडला तर, बिनकामाचा ठरतो.