निष्ठेची प्रतिज्ञा (अमेरिका) आणि तीतील ईश्वराचा उल्लेख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शाळांमध्ये राष्ट्रध्वजाकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून म्हटली जाणारी प्रतिज्ञा. मूळ इंग्रजीत ती अवघ्या 31 शब्दांची आहे. त्यांपैकी ‘अंडर गॉड’ (ईश्वराच्या छत्राखाली) हे दोन शब्द 1954 साली घातले गेले आणि धर्म व शासन यांच्या फारकतीचा एक चिवट वाद त्यांच्याभोवती उभा राहिला.

ही प्रतिज्ञा 1892 मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षे झाल्यानिमित्त शाळाशाळांतून ध्वजवंदन व्हावे, म्हणून बोस्टनच्या ‘द यूथ्स कंपॅनियन’ या नियतकालिकाने ती छापली. बेलामी स्वतः बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाद्री आणि ख्रिस्ती समाजवादी होते. तरी त्यांच्या मजकुरात देव नाही. यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही. राज्यसत्तेने धर्मात हात घालू नये, हा बॅप्टिस्टांचा जुना आग्रह. धर्मसंस्था आणि राज्य यांच्यातील ‘भिंती’ची राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांची प्रसिद्ध उपमाही 1802 साली डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेल्या पत्रात आली आहे. अमेरिकी राज्यघटनेचा सहावा अनुच्छेद सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई करतो. राष्ट्राध्यक्षांच्या शपथेच्या घटनेतील मजकुरातही देवाचे नाव नाही. शपथविधीत शेवटी ऐकू येते ती देवाची आळवणी केवळ प्रथेने चालत आली आहे.

‘माझा ध्वज’ऐवजी अमेरिकेचे नाव घालण्याचा बदल 1923–24 मध्ये झाला, आणि 1942 मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) प्रतिज्ञेला कायद्यात स्थान दिले. हात ध्वजाकडे ताठ पुढे करण्याची आधीची पद्धत नाझी सलामीसारखी दिसू लागल्याने त्याच वर्षी सोडून देण्यात आली.

पहिला मोठा खटला देवाच्या उल्लेखावरून नव्हे, तर सक्तीवरून झाला. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या मते ध्वजाला वंदन करणे म्हणजे मूर्तिपूजाच. सर्वोच्च न्यायालयाने 1940 मध्ये शाळांची सक्ती आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली, आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत न्यायालयाने स्वतःचा निर्णय फिरवला. ‘वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट’ (1943) या निकालात न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले की राष्ट्रवाद किंवा धर्म यांबाबत काय मानावे, हे कोणताही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही. केरळमधील याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढले गेले होते. 1986 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट खटल्याचाही विचार केला.

देव आला तो शीतयुद्धात. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक संघटनेने 1951 पासून आपल्या सभांत हे शब्द म्हणायला सुरुवात केली. फेब्रुवारी 1954 मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर समोर बसलेले असताना, मूळचे ग्लासगोचे पाद्री जॉर्ज डॉकर्टी यांनी प्रवचनात सांगितले की सध्याची प्रतिज्ञा मॉस्कोतली मुलेही त्यांच्या ध्वजासमोर म्हणू शकतील. काँग्रेसने कायदा केला आणि 14 जून या ध्वजदिनी त्यावर सही झाली. ‘निरीश्वर’ साम्यवादापासून आपले वेगळेपण दाखवणे हा हेतू तेव्हा कोणी लपवला नव्हता. भारताच्या घटना समितीपुढे 1949 मध्ये जवळपास हाच प्रश्न आला होता. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करण्याची ह. वि. कामत यांची सूचना 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. पदाच्या शपथेत मात्र ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन्ही पर्याय ठेवले गेले. अमेरिकी प्रतिज्ञेत असा पर्याय नाही: म्हणायची तर देवासकट, नाहीतर गप्प राहायचे.

कॅलिफोर्नियातील निरीश्वरवादी डॉक्टर मायकेल न्यूडो यांनी आपल्या मुलीच्या शाळेवरून दाखल केलेल्या खटल्यात जून 2002 मध्ये नवव्या सर्किटच्या (संघीय न्यायव्यवस्थेतील एका विभागाच्या) अपील न्यायालयाने 1954 ची भर घटनाबाह्य ठरवली. गदारोळ उडाला, सिनेटने निषेधाचा ठराव विरोधात एकही मत न पडता मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने 14 जून 2004 रोजी, म्हणजे पुन्हा ध्वजदिनीच, हा निकाल रद्द केला; पण मूळ प्रश्नाला हात घातला नाही. मुलीच्या ताब्यावरून तिच्या आईशी वाद चालू असल्याने न्यूडो यांना हा दावा चालवण्याचा अधिकार नाही, एवढेच म्हटले. न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी स्वतंत्र मत दिले की असे उल्लेख औपचारिक असतात आणि दीर्घ वापराने त्यांचा पूजेशी संबंध उरत नाही.

हा युक्तिवाद सोयीचा आहे, पटणारा नाही. शब्द घालताना त्यांच्या धार्मिक अर्थाचेच भांडवल केले आणि टिकवताना त्यांत अर्थ उरला नाही म्हटले. सश्रद्ध माणसाला तर हे नास्तिकापेक्षाही अधिक खटकायला हवे. तरीही न्यायालयांचा कल कायम राहिला: नवव्या सर्किटनेच 2010 मध्ये दुसऱ्या खटल्यात हे शब्द वैध ठरवले. मॅसॅच्युसेट्समध्ये वादींनी धर्मस्वातंत्र्य बाजूला ठेवून त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतील समानतेच्या हमीचा आधार घेतला; 2014 मध्ये तोही टिकला नाही.

त्यामुळे न म्हणणाऱ्या मुलाचा आधार अजून 1943 चा निकालच आहे, आणि तोही सगळीकडे सारखा लागू होत नाही. फ्लोरिडात प्रतिज्ञेतून सूट हवी असेल तर पालकांची लेखी विनंती लागते. 2008 मध्ये अकराव्या सर्किटच्या न्यायालयाने ही अट पालकांच्या हक्काचा भाग म्हणून मान्य केली.